पब्लिक हिरो पब्लिकनेच ठरवावा

अलिबाग-मुरूड पट्ट्यात कबड्डी बघणाऱ्याला बक्षिसांची यादी तोंडपाठ असते. पहिले चार संघ, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, मालिकावीर आणि पब्लिक हिरो. आधीची सगळी बक्षिसं गुणपत्रकावरून किंवा पंचांच्या मतावरून ठरतात. त्यावर कुरबुर झालीच तर ती घरी पोचेपर्यंत विरते. पब्लिक हिरोवरची कुरबुर मात्र पुढच्या मोसमापर्यंत टिकते. कारण हे एकच बक्षीस लोकांच्या नावावर दिलं जातं, आणि बहुतेक मैदानांवर लोकांना न विचारता दिलं जातं.

आमच्या चौल-रेवदंडा भागात आयोजकांशी याविषयी बोललं की ठरलेलं उत्तर येतं. मतदान घेतलं तर यजमान गावाचाच पोरगा जिंकणार. लोक खेळ बघून मत देत नाहीत, गाव बघून देतात. म्हणून मंचावरच्या जाणत्या मंडळींनी नाव ठरवलेलं बरं. असं म्हणणारी माणसं प्रामाणिक आहेत. वर्गणी गोळा करून, मैदानाला पाणी मारून, दिवे लावून, रात्र रात्र जागून ही मंडळी स्पर्धा उभी करतात आणि त्यांच्यामुळेच इथली कबड्डी जिवंत आहे. तरीही त्यांचं हे म्हणणं साफ चुकीचं आहे. ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं, कारण हाच युक्तिवाद गावच्या मैदानापासून थेट साहित्य संमेलनापर्यंत पोचला आहे.

आज प्रत्यक्षात काय घडतं ते आधी बघू. अंतिम सामना संपतो तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. लांबच्या गावांचे टेम्पो त्यांचा संघ हरला त्याच वेळी परत फिरलेले असतात. मैदानाभोवती उरतात ती यजमान गावची माणसं आणि अंतिम फेरीतल्या पाहुण्या संघाचे चार समर्थक. मग समालोचक माइकवरून विचारतो, ‘बोला पब्लिक, कोण?’ आणि ज्याच्या नावाला मोठी आरोळी उठेल त्याला चषक जातो. काही ठिकाणी तेवढंही होत नाही. सत्कार चालू असताना मंचावरून एक चिठ्ठी येते आणि समालोचक ती वाचून दाखवतो.

अशाच एका स्पर्धेत मी गुणलेखकाच्या टेबलाजवळ बसलो होतो. एका पाहुण्या संघाचा डावा कोपरारक्षक, अंगाने किरकोळ, वय जेमतेम विशीचं. उपांत्य सामन्यात त्याच्या संघाचे तीनच गडी मैदानात उरले होते. समोरून यजमानांचा भरवशाचा चढाईपटू आला. त्याने उजवीकडे हूल दिली, डावीकडे वळला आणि आत खोलवर पाय टाकला. त्याच क्षणी या पोराने त्याचा घोटा धरला आणि सोडलाच नाही. अव्वल पकड, दोन गुण. पुढच्या पाच मिनिटांत त्याच चढाईपटूला त्याने तशाच पकडीत पुन्हा बसवलं. त्या वेळी यजमान गावातल्या बायकासुद्धा उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि बाद होणारा त्यांच्याच गावचा होता. पाहुणा संघ दोन गुणांनी हरला, पोरं बॅगा उचलून निघून गेली. तासाभराने पब्लिक हिरोची चिठ्ठी मंचावरून आली तेव्हा तिच्यावर नाव होतं त्या दोनदा पकडल्या गेलेल्या चढाईपटूचं.

आयोजकांचा आक्षेप आता या घटनेशेजारी ठेवून बघा. लोक गाव बघून मत देतात, हे घटकाभर मान्य करू. मग मंच काय बघून देतो? मंचावर यजमान मंडळाचे अध्यक्ष असतात, वर्गणीदार असतात, गावचे पुढारी असतात. ज्या दोषासाठी पब्लिकचं मत नाकारलं जातं तो दोष मंचावर जास्त प्रमाणात आहे, कारण मैदानाभोवती निदान दहा गावांची माणसं तरी असतात. शिवाय मंचाचा निर्णय कशावरून झाला हे कोणी विचारू शकत नाही. मतांची मोजणी चुकली तर ती पुन्हा करता येते. चार जणांच्या कुजबुजीची फेरमोजणी कशी करणार?

पब्लिकला खेळ कळत नाही, असं आणखी एक म्हणणं असतं. चौलच्या पाखाड्यांत, आग्राव-थेरोंड्याच्या कोळीवाड्यांत कबड्डी बघत वाढलेल्या माणसांविषयी असं म्हणायला मोठं धाडस लागतं. पंचाचा हात वर जाण्याआधी बोनस झाला की नाही हे सांगणाऱ्या आज्या मी इथे बघितल्या आहेत. पण तो मुद्दाही बाजूला ठेवू. तांत्रिक गुण जोखण्यासाठी उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड ही दोन बक्षिसं आहेतच. पब्लिक हिरो हा वेगळा प्रश्न विचारतो: आज इथे जमलेल्या माणसांना कोणी भारून टाकलं? याचं उत्तर फक्त त्या माणसांकडे आहे. तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी तो फक्त अंदाज बांधू शकतो.

चाहत्यांनी घोळ घातला म्हणून त्यांचं मत काढून घ्यायचं, हा उपाय जगात करून झालेला आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या ‘ऑल स्टार’ सामन्याचे खेळाडू प्रेक्षकांच्या मतांनी निवडले जात. १९५७ साली सिनसिनाटी शहरातल्या एका वृत्तपत्राने स्थानिक खेळाडूंची नावं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या. शहराने त्या पोत्यांनी पाठवल्या आणि नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या आठ जागांपैकी सात जागांवर सिनसिनाटीचेच खेळाडू निवडून आले. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी त्यातले दोघे काढून त्या जागी विली मेज आणि हँक एरन यांना घेतलं. हे दोघे त्या काळातले फार मोठे खेळाडू, त्यामुळे निर्णय वरवर वावगा वाटत नाही. पण फ्रिक तिथेच थांबले नाहीत. त्यांनी प्रेक्षकांचा मताधिकारच काढून घेतला आणि तो परत मिळायला १९७० साल उजाडलं. एका शहराच्या एका वर्षाच्या अतिरेकापायी सगळ्या देशातले चाहते तपाहून अधिक काळ गप्प बसवले गेले. भरलेल्या मतपत्रिका छापायला मनाई केली असती, माणशी एकच मत मोजलं असतं, तर रोग तिथेच बरा झाला असता.

मराठीतलं उदाहरण आणखी जवळचं आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कित्येक वर्षं निवडणुकीने ठरत असे. मतदार साधारण हजाराच्या घरात, साहित्य महामंडळाच्या घटक आणि संलग्न संस्थांनी ठरवलेले. मतपत्रिका टपालाने घरी येत आणि त्या एकगठ्ठा गोळा केल्या जातात असा आक्षेप दरवर्षी घेतला जाई. चांगले लेखक या धामधुमीत उतरत नाहीत, ही तक्रारही खरी होती. त्यावर महामंडळाने २०१८ मध्ये निवडणूकच रद्द केली आणि सन्मानाने निवड सुरू केली. २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची झालेली निवड ही त्या पद्धतीची पहिली. त्यांच्या निवडीचा मलाही मनापासून आनंद झाला होता. पण चांगली व्यक्ती निवडली गेली एवढ्यावरून पद्धत चांगली ठरत नाही. त्या निवडणुकीचा खरा दोष म्हणजे मतदारयादी चिमुकली होती आणि पुस्तकं विकत घेऊन वाचणारा सामान्य वाचक तिच्यात नव्हता. यादी मोठी करायची, मत गुप्त राहील अशी व्यवस्था करायची, हे अवघड काम होतं. ते टाळून मत देण्याची गोष्टच संपवली. वाचक आधीही बाहेर होता आणि आताही बाहेरच आहे.

आता आयोजकांच्या आक्षेपातला जो भाग खरा आहे त्याकडे येतो. यजमान गावची गर्दी जास्त असते आणि ती एकगठ्ठा मत देते. साधं मतदान घेतलं तर काय होईल? समजा, हजार प्रेक्षक आहेत. यजमानांच्या खेळाडूला ४०० मतं पडली. उरलेल्या ६०० जणांना तीन पाहुणे खेळाडू आवडले, त्यांची मतं २३०, २०० आणि १७० अशी विभागली. चषक ४०० वाल्याला. दहापैकी सहा प्रेक्षकांना तो नको होता, तरी पब्लिक हिरो तोच. आयोजकांना भीती वाटते ती याची, आणि ती भीती रास्त आहे. पण यात चूक मत देणाऱ्यांची कुठे आहे? सहाशे माणसांनी आपलं मत नीट दिलं. मोजण्याच्या पद्धतीने ते तीन तुकड्यांत वाया घालवलं.

त्याच हजार माणसांना एकाऐवजी तीन नावं क्रमाने लिहायला सांगू: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. पहिल्या मोजणीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून १७० वाला बाद. त्याच्या चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघितली. समजा, शंभर चिठ्ठ्या २३० वाल्याकडे गेल्या, साठ २०० वाल्याकडे, दहा यजमानाकडे. आता आकडे झाले ४१०, ३३० आणि २६०. पुन्हा शेवटचा बाद. त्याच्या २६० चिठ्ठ्यांपैकी २२० पुढच्या पसंतीने ३३० वाल्याकडे गेल्या, पंचवीस यजमानाकडे, आणि पंधरा चिठ्ठ्यांवर पुढची पसंतीच नव्हती. शेवटी ५५० विरुद्ध ४३५. जिंकला तो पाहुणा, आणि मैदानाभोवतीच्या बहुसंख्य माणसांनी दुसऱ्यापेक्षा त्याला वर ठेवलं म्हणून जिंकला. एकगठ्ठा मतांची किंमत कोणी कमी केली नाही, कोणाचं मत रद्द केलं नाही. विखुरलेल्या मतांना फक्त एकत्र येण्याची संधी दिली.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. यजमानांचा खेळाडू खरोखरच इतका भारी खेळला की पाहुण्यांनीही त्याला दुसरी पसंती दिली, तर याच मोजणीत तो जिंकेल आणि त्याने जिंकायलाच हवं. आपल्या गावाबाहेरची पसंती मिळवून मिळालेल्या त्या चषकावर मग कोणी बोट ठेवू शकणार नाही.

हे लोकांना समजणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी कोकण शिक्षक आणि कोकण पदवीधर मतदारसंघांची आठवण करून देतो. विधान परिषदेच्या या दोन जागांसाठी रायगडातले शिक्षक आणि पदवीधर असंच मत देतात. मतदान केंद्रात मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेनने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ लिहायचं, बस्स. आणि हिशेब कळायला पदवीही लागत नाही. २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत पहिल्या पसंतीची मतं कमी असूनही धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या मतांवर संजय पवारांना मागे टाकून निवडून आले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी चौल नाक्यावर चहा पिणारा प्रत्येक जण ती बेरीज-वजाबाकी बोटांवर मांडून दाखवत होता. तिथली मोजणी तर यापेक्षा किती तरी किचकट.

पसंतीला गुण द्यावेत, पहिल्याला पाच, दुसऱ्याला चार असे, आणि बेरीज करावी, असंही सुचवलं जातं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या बोर्दाने मांडलेली ही जुनी पद्धत. ऐकायला सोपी आहे, पण आपल्याकडे ती एका रात्रीत मोडीत निघेल. आपल्या पोराला पहिला क्रमांक आणि त्याच्या सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटचा, असा निरोप मैदानभर फिरायला दहा मिनिटं पुरतात. बाद करत जाण्याच्या पद्धतीत ही चाल चालत नाही, कारण तुमची दुसरी-तिसरी पसंती तुमचा पहिला खेळाडू बाद झाल्याशिवाय कोणी बघतच नाही. पूर्णपणे निर्दोष अशी पद्धत मात्र कोणतीच नाही. तीन किंवा अधिक पर्याय असतील तर क्रमाने दिलेल्या पसंतीची कोणतीही पद्धत सगळ्या रास्त अटी एकाच वेळी पाळू शकत नाही, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये गणिताने सिद्ध करून ठेवलं आहे. म्हणून मोजणीच सोडून द्यायची असं कोणी म्हणत असेल तर त्याने मंचावरची चिठ्ठी कोणत्या रास्त अटी पाळते तेही सांगावं.

दुसऱ्या टोकाला मोबाइलवाले आहेत. त्यांचं म्हणणं, खेळाडूंचे फोटो टाका, ज्याला जास्त लाइक तो पब्लिक हिरो. गणपतीच्या सजावटीपासून रांगोळीपर्यंत सगळीकडे आता हेच चाललं आहे. याला माझा विरोध मंचाच्या चिठ्ठीपेक्षाही तीव्र आहे. ज्याने सामना बघितलाच नाही, मैदान कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याचा अंगठा इथे मोजला जातो, आणि एका माणसाच्या चार खात्यांचे चार मोजले जातात. हे वाढवत नेलं की काय होतं ते २००७ मध्ये देशाने पाहिलं. इंडियन आयडॉलच्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तामांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत होते. एका फोनवरून हवे तितके एसएमएस करता येत आणि प्रत्येकाचे पैसे पडत. दार्जिलिंगच्या डोंगरात पैसे गोळा करून मतं पाठवण्याची मोहीमच उभी राहिली. त्या मोहिमेच्या लाटेवर बिमल गुरुंग यांचं नेतृत्व पुढे आलं आणि त्याच वर्षी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन झाला. त्या लोकांच्या भावनेला मी नावं ठेवत नाही. दुर्लक्षित प्रदेशाला स्वतःचा माणूस पडद्यावर दिसला होता. पण जिथे मत विकत मिळतं तिथे गाणं कोणाचं चांगलं हा प्रश्न उरतच नाही. त्याच वर्षी जगातल्या सात नव्या आश्चर्यांसाठीही पैसे देऊन कितीही मतं देता येत होती, ताजमहालासाठी आपणही ती दिली, आणि युनेस्कोने त्या उपक्रमाशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं. माणशी एक मत, आणि मत देणारा मैदानावर हजर हवा. या दोन अटींवर मी तसूभरही मागे सरणार नाही.

चाहत्यांच्या पुरस्कारांत सर्वांत जास्त विचार झाला आहे तो ह्यूगो पुरस्कारांत. विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनाचे सदस्य १९५३ पासून हे पुरस्कार देत आले आहेत. अंतिम मतदान पसंतीक्रमाने होतं, आणि मतपत्रिकेवर ‘कोणालाच नको’ हाही पर्याय असतो. आपल्या नोटासारखाच, पण तो जिंकूही शकतो. २०१५ साली काही गटांनी ठरवून नामांकनं भरली आणि यादीच ताब्यात घेतली. सदस्यांनी पाच विभागांत ‘कोणालाच नको’ला निवडून उत्तर दिलं. पुढे नामांकनं मोजण्याचा नियम बदलला आणि २०१७ पासून एका गटाला पूर्ण यादी बळकावणं कठीण झालं. महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्येच स्थानिक निवडणुकांसाठी काढला होता. ह्यूगोचा दुसरा धडा जास्त कडू आहे. २०२३ च्या चेंगडू संमेलनात आर. एफ. कुआंग यांच्या ‘बेबल’ या कादंबरीसह काही नावं कारण न देता अपात्र ठरवली गेली. हे उघड झालं ते जानेवारी २०२४ मध्ये मतांचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर. पद्धत उत्तम होती, मोजणाऱ्यांनी दगा दिला; आणि आकडे जाहीर करण्याचा नियम होता म्हणूनच तो दगा पकडला गेला.

या सगळ्यातून आमच्या मैदानापुरतं काय घ्यायचं ते सांगतो. मतदानासाठी पाच नावं असावीत आणि ती मंचाने सुचवू नयेत. उपांत्यपूर्व सामने संपले की चढाई आणि पकडीच्या गुणांवरून ती गुणपत्रकातूनच निघतील. एका संघाचे दोनपेक्षा जास्त खेळाडू नकोत. चिठ्ठीवर नावाबरोबर बनियनवरचा क्रमांक हवा, कारण पाहुणा खेळाडू आपल्याला क्रमांकानेच लक्षात राहतो. पाच नावांखाली ‘कोणीच नाही’ अशी सहावी ओळ छापायची. पहिला उपांत्य सामना सुरू होण्याआधी हजर असलेल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची आणि हातावर शिक्का मारायचा. शाळकरी पोरांनाही द्यायची. ही काही लोकसभा नाही, आणि पब्लिक हिरोवर त्यांच्याइतका जीव कोण टाकतो? महिलांच्या स्पर्धेचा पब्लिक हिरो वेगळा ठेवायचा, पुरुषांच्या गर्दीत तो बुडू द्यायचा नाही.

पेटी मंचाजवळ नको, बाहेर पडायच्या वाटेवर हवी. ज्यांचा संघ उपांत्य फेरीत हरला ती माणसं टेम्पोत बसण्याआधी चिठ्ठी टाकून जातील. रात्री उशिरापर्यंत थांबणं ही मताची अट राहणार नाही, आणि यजमानांना मिळणारा सगळ्यात मोठा आयता फायदा तिथेच संपेल. अंतिम सामन्याची शेवटची शिट्टी वाजली की पेटी बंद. मोजायला यजमान मंडळाचा एक माणूस आणि हरलेल्या पाहुण्या संघांचे दोन, उघड्यावर, दिव्याखाली. सत्कार आणि भाषणं चालतात तेवढ्या वेळात हजार चिठ्ठ्यांचे सहा ढीग करून, शेवटचा ढीग दुसऱ्यांत वाटून, पुन्हा मोजून होतात.

खर्चाचं कारण पुढे करू नये. चिठ्ठ्यांच्या छपाईला लागणारे पैसे चषकांवरच्या एका प्रायोजकाच्या फलकातून निघतात. निकाल सांगताना समालोचकाने नुसतं नाव वाचू नये, प्रत्येक फेरीचे आकडे वाचावेत, आणि दुसऱ्या दिवशी ते हातानं लिहून नाक्यावर लावावेत. चिठ्ठ्या पंधरा दिवस शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहाव्यात, म्हणजे ज्या संघाला शंका असेल त्याला येऊन त्या पुन्हा मोजता येतील. दिवाळीनंतर मोसम सुरू होईल. पावसाळा लागेपर्यंत या किनाऱ्यावर प्रत्येक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे मैदान आखलं जाईल. त्यांतल्या एका मंडळाने, चौलमधल्या असो की नागावमधल्या, हे करून दाखवावं. पाहुण्या संघांतर्फे मोजायला बसणारी माणसं हवी असतील तर ती आणून देण्याची जबाबदारी माझी.